जाऊबाईंच्या डब्याचं झाकण

थोरल्या जाऊबाईंचा डबा परत करायच्या दिवशीच धाकटीच्या लक्षात आलं, की झाकणाचा एक कोपरा वर उचलला गेलाय. दीड वर्षाच्या अबोल्यानंतर जाऊबाईंनी आपणहून दिलेली ही पहिली वस्तू. अबोलाही पाण्याच्या एका तडकलेल्या जगावरूनच झाला होता. धाकटी डबा घेऊन नवऱ्याकडे धावली.

"उकळत्या पाण्यानं धुतलं हो मी!" ती रडवेली झाली. "आता पुन्हा दीड वर्षं तोंड फिरवतील."

नवऱ्याने बाह्या सरसावल्या. बादल्यांच्या कारखान्यात वीस वर्षं मशीनवर काढलेला माणूस! प्लास्टिकची नाडी आपल्याइतकी कुणालाच कळत नाही, असा त्याचा समज होता आणि घराबाहेर तो बहुतेकांना मान्यही होता.

"घाबरतेस काय? तापलं की मऊ, निवलं की घट्ट. पुन्हा तापवू, सरळ करू."

त्याने झाकण उकळत्या पाण्यातून काढून ओट्यावर ठेवलं आणि वर थंड इस्त्री दाबली. झाकण सपाट झालं खरं, पण जरा पसरलं आणि डब्यावर सैल बसू लागलं.

"झाकण मऊ जातीचं, डबा कडक जातीचा," तो म्हणाला. "आता डब्याची समजूत घालू."

मुलीचा केस वाळवायचा ड्रायर त्याने डब्याच्या काठावर धरला. काठ बराच वेळ ढिम्म होता, मग एकदम फाकला. ड्रायरमधून धूर आला, मुलीने घर डोक्यावर घेतलं. शेवटी त्याने झाकण लावून डबा सुतळीने करकचून बांधला, पातेल्यात दाबून उकळला आणि तसाच थंड पाण्याखाली धरला. सुतळी सोडली, तर झाकण टप्पकन बसलं!

"बघ! कारखान्यातूनसुद्धा असा निघत नाही."

दोघं ऐटीत जाऊबाईंच्या दारात उभी राहिली. जाऊबाईंनी डबा उलटासुलटा करून पाहिला.

"हा माझा नाही."

"तुमचाच आहे, वहिनी!"

"माझ्या डब्याचं झाकण कोपऱ्यात उचललेलं आहे. शेगडीजवळ ठेवून मीच वाकवलंय ते. चांगला डबा कुणी उसना देतं का? माझा हरवलात आणि हा गळ्यात मारताय होय? उद्या माझाच आणून द्या, नाहीतर पुन्हा या दारात येऊ नका."

घरी येऊन नवऱ्याने पुन्हा पातेलं चढवलं.

"कोणता कोपरा होता गं?" त्याने हळूच विचारलं. "आणि किती उचललेला?"

"मला काय विचारता?" धाकटी म्हणाली. "घरात एवढा जाणकार माणूस असताना मी कशाला लक्षात ठेवू?"