मागल्या तारखेची मोहीम

थोरांच्या लढाया लिहून ठेवणारे बहुत जाहले. परंतु शेडमध्ये उभ्या असलेल्या म्हाताऱ्या मोटारीस लॅपटॉप जोडून तिचा विसर घालविला, ही मोहीम कोणी लिहिली नाही, आणि न लिहावी तर पुढे भाऊबंद म्हणतील की त्यात काय, गाडी आपोआपच सुरू जाहली असेल. सबब जे घडले ते, पदरचे फार न घालता, लिहून ठेविले असे. वाचणारास हसू आल्यास हसावे. हुकूम नाही, मुभा आहे.

प्रथम थोरल्या महाराजांचा शेवटला साधा दिवस सांगणे प्राप्त आहे. थोरले महाराज, म्हणजे या घरचे बाबा, नोकरीतून निवृत्त जाहल्यापासून एकाच मुलखावर राज्य करीत होते, आणि तो मुलूख म्हणजे घरामागील पत्र्याची शेड. शेडमध्ये हत्तीण. हत्तीण म्हणजे बाविशीची मोटार, रंगाने कधीकाळी निळी, मागला एक दरवाजा फक्त आतूनच उघडावा असा जिचा रिवाज, आणि हॉर्न वाजविला असता वायपर हलावे असा जिचा स्वभाव. मातोश्रींनी तिजला ‘सवत’ हा किताब बहाल केला होता आणि महाराज जेवायला उशिरा आले की तो नव्याने बहाल होत असे. वर्षातून दोनचारदा हत्तिणीचे अंग मोडून येई आणि समोर पिवळा दिवा लागे. मग महाराज आपला जुना लॅपटॉप घेऊन तिच्या पोटाशी केबल जोडीत, आणि त्यातील एका प्रोग्रामकरवी तिची नाडी पाहून दुखणे काढीत.

त्या दिवशी दुपारी मातोश्री दाताच्या डॉक्टरकडे स्वारीस गेल्या होत्या. महाराज हत्तिणीची नाडी पाहत असता शेजारच्या सीटवरील लॅपटॉप एकाएकी टिणटिणला आणि पडद्यावर चौकट उमटली की लेकीचा वाढदिवस, फोन करणे. महाराजांनी ग्रीसने माखलेल्या हाताची एक करंगळी त्यातल्या त्यात स्वच्छ पाहून फोन लाविला.

लेक, जिला यापुढे बाईसाहेब म्हणू, परमुलखी एका प्रकाशनगृहात मुद्रितशोधकाच्या हुद्द्यावर होती. इतरांच्या चुका लाल शाईने धरणे हे तिचे इमान, आणि चूक दिसली व ती सोडून दिली असे तिच्या हातून कधी जाहले नव्हते. हॉटेलातील मेन्यूकार्डेही तिने तपासून परत केल्याचे दाखले आहेत.

“वाढदिवसाच्या शुभेच्छा गं, बाळा. लॅपटॉपने आत्ताच आठवण केली.”

“बाबा, आज नाहीये. चार महिने आहेत अजून. तुमच्या लॅपटॉपची तारीख चुकलीय, ती नीट करा आधी.”

“असं होय,” महाराज म्हणाले. “बरं, मग या शुभेच्छा ठेवून दे. तेव्हा वापर.”

बाईसाहेब हसल्या, प्रुफे संध्याकाळच्या आत जायची आहेत म्हणाल्या, आणि फोन ठेविला.

दुसरे दिवशी पहाटे महाराज झोपेतच गेले. अशा ठिकाणी शोकाचे वर्णन विस्ताराने लिहावे असा बखरकारांचा प्रघात आहे. येथे तितकी जागा कोरी सोडिली आहे.

पुढे बाईसाहेबांचा खरा वाढदिवस आला आणि आला तैसा गेला. मातोश्रींचा फोन आला, दोघी पाण्याच्या टाकीविषयी बोलल्या, मग गळक्या नळाविषयी बोलल्या, मग बोलण्याजोगे पाण्याचे काही उरले नाही म्हणोन फोन ठेविला.

इकडे हत्तीण शेडमध्ये उभीच होती. उभ्या उभ्या तिची बॅटरी मेली. मातोश्रींचे धाकटे बंधू मामासाहेब, जे प्रत्येक मसलतीत न बोलाविता हजर असत, त्यांनी नवी बॅटरी बसविली. तेव्हा हत्तीण एकदा गुरगुरली, खोकली आणि गप्प जाहली, आणि समोर चावीचे चित्र लुकलुकू लागले. गल्लीच्या टोकाचा मेकॅनिक पाहून गेला आणि त्याने निदान केले की गाडी चावी ओळखत नाही. चावीच्या पोटात एक चिप असते, तिची ओळख गाडीच्या डोक्यातून पुसली गेली. आता प्रोग्राम लावून दोघींची पुन्हा गाठ घालावी, परंतु इतक्या म्हाताऱ्या गाडीचा प्रोग्राम महाराजांवाचून कोणापाशी असणार. त्यावर मामासाहेबांनी भंगारवाल्याशी तह ठरविला, की त्याने शनिवारी चार वाजता क्रेन आणावी आणि हत्तीण उचलून न्यावी.

ही खबर कळताच बाईसाहेब रजा टाकून तडक दाखल जाहल्या आणि म्हणाल्या की गाडी जाणार नाही. मामासाहेबांनी कारण विचारिले. बाईसाहेबांनी उत्तरादाखल तेच वाक्य पुन्हा म्हटले. तेव्हा मातोश्रींनी भांडी विसळता विसळता निवाडा दिला.

“चार वाजेपर्यंत चालू झाली तर राहू दे. नाही झाली तर जाऊ दे. मला रोज या खिडकीतून ती अशी उभी बघवत नाही.”

हा निवाडा दोहीं पक्षांस बंधनकारक जाहला, आणि शनिवारी सकाळी नाश्ता आटोपून मोहिमेस आरंभ केला.

पहिल्याने बाईसाहेबांचा नवा लॅपटॉप आघाडीस धाडिला. तो सडपातळ, नाजूक आणि मिजाशी. महाराजांच्या प्रोग्रामची सीडी त्यास दाखविली तर सीडी घालावी कोठे हेच सापडेना. मामासाहेबांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारिले, “तोंड नसलेला घेतलास का गं?” येणेप्रमाणे नव्या सरदाराने पहिल्याच हल्ल्यात माघार घेतली आणि त्यास पलंगावर निजविले.

मग महाराजांचे पदरचा वृद्ध लॅपटॉप कपाटावरून उतरविला. तो इतका वजनदार की मामासाहेबांनी त्यास दोन्ही हातांनी मिरवीत आणिला. त्याच्या चार्जरची वायर ठरावीक कोनात वर उचलून धरिली तरच वीज घेई. सबब मामासाहेबांच्या चष्म्याचे घर तिच्याखाली दिले, आणि घर गेल्यामुळे चष्मा खिशात ठेविला, आणि खिशात ठेविल्यामुळे मामासाहेब त्यावर बसले, आणि ते पुढील सर्व मोहिमेत अंदाजाने पाहत होते. लॅपटॉप जागा होईतो चहा जाहला, पिऊन जाहला आणि कप पालथे जाहले.

जागा जाहला तेव्हा बाईसाहेबांनी प्रथम काय पाहिले, तर कोपऱ्यातील तारीख. ती सात वर्षे मागली होती. आता सुज्ञ सेनापती आधी शत्रूकडे पाहता. परंतु बाईसाहेबांचा हात लाल शाईचा. त्यांनी तात्काळ लॅपटॉप इंटरनेटास जोडिला, तारीख आपोआप दुरुस्त जाहली, आणि त्यांस फार बरे वाटले. मोहिमेतील तमाम संकटे या एका दुरुस्तीतून उद्भवली, हे ध्यानी ठेवावे.

कारण इंटरनेटाचा वारा लागताच लॅपटॉपातील कोतवाल, म्हणजे अँटिव्हायरस, वर्षानुवर्षांची झोप टाकून उठला. केबलीचे म्हणणे लॅपटॉपास समजावून सांगणारा एक लहानसा प्रोग्राम असतो, बिचारा निरुपद्रवी, निव्वळ दुभाष्याचा धंदा करणारा. कोतवालाने त्यास हेर ठरवून नजरकैदेत टाकिले. मग बाईसाहेबांनी कोतवालाची मनधरणी केली, मग दटावणी केली, मग त्यास समूळ बडतर्फ केले, आणि दुभाषी सोडवून आणिला.

दुसरी लढाई केबलीची. तिचे जाण्याचे भोक स्टिअरिंगच्या खाली, अगदी आत, जेथे माणसाने वाकून पाहावे अशी बनविणाराची इच्छा नव्हती. बाईसाहेब सीटवर पालथ्या पडून डोक्याने पेडलांपाशी उतरल्या, आणि पाय बाहेर राहिले. शेजारच्या काकू कुंपणावरून हे पाय पाहून बराच वेळ उभ्या होत्या, मग त्यांनी पायांनाच विचारिले की केव्हा आलीस. पायांनी सांगितले, काल. एवढ्यात केबल बसली.

तिसरी लढाई दरवाजांची, म्हणजे केबल ज्यांतून आत शिरते त्या लॅपटॉपाच्या पोर्टांची. प्रोग्राम जुन्या काळचा. लॅपटॉपास चारापेक्षा अधिक दरवाजे असतील ही कल्पनाच त्यास नव्हती, आणि केबल उभी होती अकराव्या दरवाजाशी. हा येथे हाका मारतो, ती तेथे वाट पाहते. चौथा दरवाजा तिला द्यावा तर तो एका प्रिंटरच्या नावे लिहिलेला, जो प्रिंटर स्वतःच भंगारात जाऊन जमाना जाहला होता. मयत प्रिंटरचे वतन खालसा करून केबलीस दिले. मामासाहेबांनी पडद्यापासून वीतभर अंतरावर नाक नेऊन शाबासकी दिली.

दोन प्रहर उलटून गेले होते. बाईसाहेबांनी प्रोग्राम उघडिला, आणि मधोमध लाल अक्षरे आली की परवान्याची मुदत संपली आहे, कंपनीशी संपर्क साधावा. कंपनीचा शोध केला. ती केव्हाच बुडाली होती, आणि त्याच नावाने आता कोणी कुत्र्यांच्या गाद्या विकीत होते. गादीवाल्यांनी मात्र तत्परतेने विचारिले की आपला कुत्रा केवढा आहे.

अशा नाजूक समयी फाटकाशी क्रेन येऊन ठाकली, वेळेच्या आधी अर्धा तास. भंगारवाला मोठा अदबीचा मनुष्य. त्याने पाणी मागितले, हत्तिणीच्या बॉनेटवर हात फिरविला आणि म्हणाला की निवांत होऊ द्या, मी बसतो. शत्रूची ही सभ्यता बाईसाहेबांस असह्य जाहली. मामासाहेबांनी सल्ला दिला की केले तेवढे पुष्कळ, आता शरण जावे यात कमीपणा नाही.  बाईसाहेब लॅपटॉप मांडीवर घेऊन चालकाच्या सीटवर बसून राहिल्या आणि लाल अक्षरे पुन्हा पुन्हा वाचू लागल्या, जणू त्यांत कोठे तरी शुद्धलेखनाची चूक सापडेल.

तेव्हा मातोश्री पदराला हात पुशीत शेडमध्ये आल्या. महाराज गेल्यापासून त्या येथे प्रथमच येत होत्या. त्यांनी पडद्याकडे पाहिले आणि सहज विचारिले, “तारीख मागे केलीस का?”

“कसली तारीख?”

“अगं, हे आधी तारीख मागे करायचे. त्याशिवाय ते उघडतच नाही. मी म्हणायचे, झालात का तरुण?”

बाईसाहेबांनी कोपऱ्यातील तारखेकडे पाहिले. “सकाळी होती ती मागची तारीख. मला वाटलं चुकलीय.”

“आणि तू नीट केलीस.”

“हो.”

“करणारच,” मातोश्री म्हणाल्या, आणि त्यांस महाराज गेल्यापासून पहिल्याने हसू आले. ते पाहून मामासाहेबही हसले, जरी त्यांस दिसत काही नव्हते.

मग बाईसाहेबांनी विचारिले की तारीख नेमकी कोणती घालीत असत. मातोश्री मागल्या दरवाजाला टेकल्या.

“तुझ्या वाढदिवसाची. हा प्रोग्राम घेतला त्या वर्षीची. दुसरी कुठली यांच्या लक्षातच राहायची नाही. मग ते वाजायचं, की हे इथनं ओरडून विचारणार, आज आहे का गं खरंच? मी आतनं सांगायचे, नाही हो, काम करा तुमचं. दर वेळेला.”

“आणि त्या दिवशी?”

“त्या दिवशी मी दाताच्या डॉक्टरकडे होते ना,” मातोश्री म्हणाल्या. “विचारणार कोणाला? म्हटलं असेल, चुकून राहायला नको.”

मामासाहेब खिशातला मोडका चष्मा काढून पुसू लागले. भंगारवाला शहाणा, तोही क्रेनकडे पाहत राहिला.

मग बाईसाहेबांनी इंटरनेट तोडिले, आणि तारखेची चौकट उघडून त्यात आयुष्यात प्रथमच जाणूनबुजून चुकीचा मजकूर भरिला. दिवस आपल्या वाढदिवसाचा आणि वर्ष सात वर्षांमागले. लाल अक्षरे नाहीशी जाहली. प्रोग्राम उघडला, आणि पाठोपाठ लॅपटॉप टिणटिणला आणि चौकट उमटली की लेकीचा वाढदिवस, फोन करणे. चौकटीखाली दोन बटणे होती, ‘पुन्हा आठवण करा’ आणि ‘झाले’. बाईसाहेबांनी तूर्त एकही दाबिले नाही. चौकट बाजूस सरकविली आणि युद्धास लागल्या.

प्रोग्रामने फर्माविले की चावी लावून फिरवावी आणि थांबावे. चावी लाविली. थांबले. मामासाहेबांनी हातातील बिस्कीट चावणे तहकूब केले. चावीचे चित्र लुकलुकले, पुन्हा लुकलुकले, मग एकदाचे विझले. हत्तिणीने चावी ओळखिली. बाईसाहेबांनी चावी पुढे रेटिली, आणि हत्तीण थरथरली, खोकली, मागून काळ्या धुराचा लोट काढिला आणि अशी गर्जली की पत्रे खणाणले आणि शेजारच्या काकू पुन्हा कुंपणाशी आल्या. आनंदाच्या भरात बाईसाहेबांनी हॉर्न दाबिला, तेव्हा वायपरांनी डावीकडे आणि उजवीकडे रीतसर मुजरा केला.

येणेप्रमाणे भिंतीवरील कॅलेंडराच्या हिशेबी शनिवारी, चारास थोडा अवकाश असता, आणि लॅपटॉपाच्या हिशेबी सात वर्षांमागे, हत्तिणीची मोहीम फत्ते जाहली. आपल्याकडील हानी म्हणावी तर मामासाहेबांचा चष्मा आणि एक कोतवाल. भंगारवाल्याने मनापासून मुबारकी दिली आणि चहा घेऊन क्रेन रिकामी नेली. मातोश्रींनी घरात जाऊन पर्स आणिली, आपल्या नेहमीच्या सीटवर बसल्या, पट्टा लाविला, आणि समोरच्या फळीवर हात ठेवून म्हणाल्या की सवतीची तब्येत बरी दिसते, चल, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ.

बाईसाहेबांनी लॅपटॉप मिटण्यासाठी हाती घेतला. बाजूस सरकविलेली चौकट अजून तेथेच उभी होती, उत्तराची वाट पाहत. लेकीने ती वाचिली. तारीख खरी नव्हती, वर्षही नव्हते. परंतु तिने दुरुस्ती केली नाही. तिने ‘झाले’ या बटणावर बोट ठेविले, आणि इंजिनाच्या घरघरीतही आईला ऐकू जाईल इतक्या स्पष्ट आवाजात म्हणाली,

“बाबा, तुमच्या ठेवलेल्या शुभेच्छा आज वापरल्या. थँक यू.”