अर्धा मायक्रॉन

नारूच्या दुकानात आता सगळ्यांची दाढी अर्ध्या ब्लेडच्या वस्तऱ्यानेच व्हायची. एकट्या नयनभाईंना तो चालत नसे. मसोलीच्या नाक्यावरचा तो गाळा नयनभाईंचा होता, त्यामुळे त्यांना जे चालत नसे ते नारूलाही चालत नसे. त्यांच्यासाठी बापाच्या वेळचा पोलादी वस्तरा त्याने वेगळा ठेवला होता. पण निवृत्तीनंतर नयनभाई मोबाईलवर वस्तऱ्यांचे व्हिडिओ बघू लागले आणि नारूच्या सुखाला दृष्ट लागली.

"नारू, तुझा वस्तरा ओढतो," एका रविवारी ते म्हणाले. "तिकडे लोक चामड्याच्या पट्ट्यावर पावडर टाकून धार काढतात. सुटी पावडर. अर्धा मायक्रॉन."

"अर्धा म्हणजे किती, भाई?"

"तुला दिसणार नाय एवढा. पुढच्या रविवारपर्यंत मागव. नायतर आमच्या मिथुनला मोबाईलचं दुकान टाकायला गाळा पायजेच हाय."

मिथुन म्हणजे त्यांचा भाचा. पंचवीस वर्षांचं दुकान असं डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तूवर लटकलं. नारूने मुकाट्याने पावडर मागवली. पुडी आली ती पांढरीशुभ्र, बिनवासाची. वर इंग्रजीत बरंच काही लिहिलं होतं. ते नारूने आदराने न वाचता पुडी आरशाजवळच्या फळीवर ठेवली.

शनिवारी त्याची बायको देवकी दुकान झाडायला आली. न्हाव्याच्या दुकानातली पावडर दाढीनंतर गालालाच लावायची असते, यात तिला शंका येण्याचं कारण नव्हतं. गालाच्या पावडरीचा डबा निम्मा रिकामा होता. तिने पुडी त्यात ओतली, डबा चांगला हलवला आणि प्लास्टिक कचऱ्यात टाकलं.

रविवारी नयनभाई खुर्चीत बसले, गळ्याला कापड बांधून झालं, आणि नारूचा हात फळीवरून रिकामाच फिरला. देवकी गरम पाणी घेऊन आली होती.

"इथली पुडी कुठं गेली?" त्याने हळूच विचारलं.

"डब्यात भरली ना. उगाच पडून होती."

नारूने डबा उघडून पाहिला; दोन्ही पावडरी एक झाल्या होत्या. पण मागे वळायला जागा नव्हती. डब्यातली चिमूटभर पावडर त्याने पट्ट्यावर टाकली, अंगठ्याने चोळली आणि वस्तरा फिरवायला घेतला. दुकानभर गुलाबाचा वास सुटला.

नयनभाईंनी डोळे मिटून तो छातीत भरून घेतला. "बाहेरचा माल असा असतो बघ."

दाढी झाली. नयनभाईंनी गालावरून हात फिरवला. "याला म्हणतात धार. मला लगेच कळते. चल, आता पावडर लाव."

"आज नको, भाई. गरमी लई हाय."

"गरमीतच लावतात."

"संपलीय."

"मग हा समोर डबा कसला?"

नयनभाईंनी स्वतःच डबा उचलला, तळहातावर ढीगभर पावडर घेतली आणि दोन्ही गालांना लावली. "जरा खरखरीत लागते," ते म्हणाले, आणि खरखर जावी म्हणून आणखी जोरात चोळत राहिले. गाल आधी गुलाबी झाले, मग लालबुंद. नयनभाईंनी आरशात बराच वेळ पाहिलं आणि गळ्याचं कापड स्वतःच सोडून ते निघून गेले.

"गेला गाळा," नारू खुर्चीत बसत म्हणाला. "भाईंच्या गालाला धार काढलीस तू."

"मग पावडरीवर तसं लिहायचं ना."

"लिहिलं होतं."

देवकीने डब्याचं झाकण घट्ट लावलं.

संध्याकाळी नयनभाई बायकोला, जयश्रीबेनना, घेऊन दारात हजर. नारूने हात जोडायची तयारी केली.

"मिथुनला सांगितलं, दुसरीकडे जागा बघ," नयनभाई म्हणाले. "दुपारी चिखल्याला लग्नात दहा जणांनी विचारलं, चेहऱ्याला काय लावलं. दहा वर्षांनी लहान दिसतो म्हणे. आता हिला पण तेच पायजे. पावडर बनवली कोणी?"

नारूने तोंड उघडेपर्यंत देवकी पदर खोचून पुढे झाली.

"मी," ती म्हणाली.

जुना माल तिने त्याच दिवशी खड्ड्यात पुरला. आता ती बाजारातली साधी पावडर लावते, आणि चिखल्यापासून झरीपर्यंतच्या बायका आरशात बघून 'फरक पडला' म्हणतात. गाळा वाचला. दारावर 'देवकी ब्युटी पार्लर' अशी पाटी आहे. नारूची खुर्ची बाहेर पत्र्याखाली असते, आणि वस्तरा धुवायला आत जायचं झालं तर त्याला आधी दार वाजवावं लागतं.