वाळुंजभाऊंच्या कानांवरचा जांभळा दिवा

थंडीच्या सकाळी धुक्यातून जांभळा दिवा तरंगत येताना दिसला, की कासारवाडी स्टेशनाबाहेर बसणाऱ्या भाजीवाल्या बायका ओळखतात, वाळुंजभाऊ आले. दिवा त्यांच्या कानावर असतो. दोन्ही कानांवर. पोरं कॉम्प्युटरवर बंदुकांचे खेळ खेळताना घालतात ना, तसला भला मोठा बिनवायरचा हेडफोन, तोही माकडटोपीवरून चढवलेला, आणि तोंडापुढे उंदराच्या शेपटीसारखा वाकडा माईक. वय सत्तरीच्या पुढचं. पायजमा, स्वेटर, हातात कापडी पिशवी, आणि कान असे लुकलुकतात की वाटावं, आता हे हळूच जमिनीवरून उचलले जाणार.

भाऊ आमच्याच बिल्डिंगमधले, माझ्या बरोबर डोक्यावरचे. मूळचे चाकणकडचे. उभा जन्म एका प्रेस शॉपमध्ये तपासणीला गेला. मशीनने पत्रा दाबून तुकडा बाहेर टाकला की तो हातात घ्यायचा, फिरवायचा आणि 'पास' नाहीतर 'रिजेक्ट' म्हणायचं. नोकरी संपली, पण हात काही थांबला नाही. नवी छत्री आणली की आधी बाथरूममध्ये शॉवरखाली उघडून उभे. मुलीला स्थळ आलं तेव्हा त्या मुलाला त्यांनी भरलेली गॅसची टाकी जिन्याने वर आणायला लावली. बिचारा घामाघूम. भाऊ म्हणाले, "पास. पण दम कमी हाय, रिवर्क लागंल." तो जावई अजूनसुद्धा सासरी येताना खाली गॅसची गाडी उभी नाही ना, ते आधी बघतो.

हेडफोन पिंपरीच्या दुकानातून आणला. दुकानदाराने विचारलं, "नातवाला का काका?"

"न्हाई. रोजच्या वापराला."

वर त्याच्याकडून कबूल करून घेतलं, की संक्रांतीपर्यंत ट्रायल, पटला तर ठेवीन, नाहीतर परत. तो कसा तयार झाला कोण जाणे. ह्यांनी दुकानातला बाकीचा माल तपासायला काढला असणार, म्हणून सुटकेसाठी दिला असेल.

मग सुरू झाली ट्रायल. पिठाच्या गिरणीत पट्टा फिरत असताना जात्याशेजारी डोळे मिटून उभे. फलाटावरून एक्सप्रेस धडधडत जाताना थेट पिवळ्या पट्टीशी उभे, पोलीस शिट्टी मारतोय आणि ह्यांना पत्ताच नाही. एका दुपारी माझ्या दारात. "आक्का, जरा मिक्सर लावता का?"

"लावते की. काय वाटू?"

"काय बी वाटा. रिकामा फिरवला तरी चालंल."

रिकामा मिक्सर कशाला फिरवायचा, म्हणून मी चटणी टाकली. मिक्सर घरघरायला लागला आणि भाऊंचा चेहरा बघावा तर स्वप्नात असल्यासारखा. उन्हाची तिरीप पडली होती तोंडावर, ओठ हसत होते. आणि एकदम म्हणाले, "व्हय, खोबरं हाय. लसूण बी घातलाय."

मी मागे वळून बघितलं. कुणी नव्हतं.

बाजारात तर कहरच. पूर्वी भाऊ गवारीची शेंग लोखंडी पट्टी तपासावी तशी डोळ्यांसमोर धरायचे, सरळ असली की पास. आता भेंडीचं टोक मोडून बघायला लागले, मेथी हुंगायला लागले. "मागची मेथी मातकट व्हती, म्हणती," असं म्हणायचे. कोण म्हणती, ते नाही. एकदा तर संगीता भाजीवालीला म्हणाले, "तुझ्या सुनंचं बाळ आता बसतं का गं?" संगीता बघतच राहिली. ह्या माणसाने जन्मात तिला पालकाशिवाय काही विचारलं नव्हतं.

ते गेल्यावर बायका कुजबुजल्या, "भ्रमिष्ट झालं म्हातारं."

मला काळजी होती ती वेगळीच. कारण वर घरात हौसावहिनी होत्या, भाऊंची बायको. एके काळी हा सगळा बाजार त्यांच्या आवाजावर चालायचा. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. हात गेला, पाय गेला, जीभ जड झाली. शब्द तोंडातून चुरगळून यायचे. भेटायला जाणारे "काय म्हणालात?" असं दोनदा विचारायचे, आणि वहिनींनी तोंडच मिटून घेतलं. कुणी गेलं की भिंतीकडे वळायच्या. त्यात आता हे असे हवेशी बोलायला लागलेले. दोघांचं व्हायचं कसं?

संक्रांत तोंडावर आली होती. धुकं इतकं, की रेल्वेचा पूल कुणी खोडून टाकल्यासारखा. मी संगीतासमोर गाजरं निवडत होते. शेजारी भाऊ भरताची वांगी घेऊन उभे होते, आणि एकदम त्यांच्या कानांवरचा दिवा विझला.

भाऊंनी टकटक केलं. काढला, झटकला, पुन्हा घातला. मग माझ्याकडे बघितलं. जत्रेत हात सुटलेलं मूल बघतं ना, तसं.

"आक्का, आवाज गेला."

"चार्जिंग संपलं असेल."

"मग ही वांगी घेऊ का नको?"

"घ्या की. चांगली आहेत."

"पर ती काय म्हणती, ते कळंना!"

वांगी माझ्या हातात देऊन भाऊ निघालेसुद्धा, जवळजवळ पळतच. मी मागोमाग. जिन्यातच मला आवाज ऐकू आला. जाड, तुटका, रागावलेला. वर्षभर ऐकला नव्हता, तरी लगेच ओळखला.

उशीवर फोन ठेवला होता, आणि हौसावहिनी त्या मुक्या फोनवर ओरडत होत्या, "वां...गी... दाबून... बघा... अवो!"

मला बघताच गप्प झाल्या. भिंतीकडे वळायला लागल्या. मला काय सुचलं कोण जाणे, मी वांगं पुढे धरलं. "वहिनी, मला काही कळत नाही. कसं आहे हे?"

चांगला हात हळूच पुढे आला, वांगं उचलून बघितलं. "ह...लकं. बी... न्हाई. घ्या."

मला एका झटक्यात समजलं.

निघताना दाराशी मी भाऊंना विचारलं, "मग, ट्रायलचं काय?"

भाऊंनी हेडफोन नोकरीतल्यासारखा फिरवून बघितला. "वजन जास्त. कानाला घाम येतोय. दिवा बंद करायची सोय न्हाई. चार्जिंग दगा देतंय. रिजेक्ट."

"म्हणजे परत करणार?"

ते स्वेटरच्या बाहीने हेडफोनची गादी पुसत राहिले.

"प्रेसच्या दणक्यानं कान माझं गेल्यालं. साध्या फोनात तिचं बोलणं मलाच उमगंना. म्या बी 'काय म्हणली?' म्हणाया लागलो, मग ती माझ्याशी बी बोलंना." आत एकदा बघून घेतलं. "ह्यात बाहेरचं समदं बंद होतं. गिरणी असू दे, रेल्वे असू दे, तिचं बोलणं तेवढं येतं. आक्का, बाजारात ती कायम माझ्या शेजारनं चालायची. तशीच बोलती यात."

आणि हेडफोन चार्जिंगला लावायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा धुकं. जांभळा दिवा तरंगत आला. मी मुद्दाम हाक मारली नाही. रस्ता सगळा मोकळा होता, तरी भाऊ अगदी कडेकडेने चालले होते, शेजारी एका माणसाची जागा सोडून.