हिरव्या ठिपक्याचा वेढा आणि दीडच्या जेवणाची फत्ते

सुज्ञ वाचकांसी लेखकाचा बहुत आदरपूर्वक नमस्कार. पुस्तिकानवीस बाईंनी घरी बसोन नोकरी कैसी केली, त्यात कोणकोणते प्रसंग गुदरले, शत्रू कोण, फितूर कोण आणि अखेर फत्ते कैसी जाहली, हे वर्तमान ज्याने त्याने आपापल्या सोयीने सांगोन भलतेच केले आहे, सबब खरा मजकूर एके ठिकाणी लिहोन ठेविला. यात पदरचे काही घातले नाही. घातले असल्यास कथेस शोभा यावी इतकेच.

तरी ऐसे की, घरगुती यंत्रे बनविणारी एक मातबर कंपनी होती, आणि तिच्या पदरी या बाई सोळा वर्षे चाकरीस होत्या. यंत्रासोबत खोक्यात जी पातळ पुस्तिका येते आणि जी कोणी वाचीत नाही, ती लिहिणे हे त्यांचे काम. झाकण लावल्याविना बटण दाबू नये, ओल्या हाताने तारेस शिवू नये, ऐसी कलमे त्यांनी हजारो लिहिली आणि त्यात एक काना चुकला नाही, हा त्यांचा लौकिक. घरात त्यांचे वडील, वय एकुणऐंशी, पेशाने घड्याळजी. दुकान बंद करोन सहा वर्षे जाहली, तरी भिंगाची सवय न गेल्याने एक डोळा बारीक करोनच जगाकडे पाहात. बापलेक दोघेच, घर दोन खोल्यांचे, आणि दोन्ही खोल्यांच्या मध्ये जेवणाचे मेज.

मग कंपनीने कचेरीची इमारत रिकामी करावयाचे मनावर घेतले आणि फर्मान सोडिले की, आजपासोन सर्वत्रांनी आपापल्या घरूनच चाकरी करावी, येण्याजाण्याचा त्रास वाचेल, तो वेळ आपणांस स्वतःकरिता मिळेल. हे वाचोन बाई बहुत संतोष पावल्या. सोमवारी प्रातःकाळी मेज पुसोन लॅपटॉप स्थानापन्न केला, उजवे हाती माऊस, डावे हाती वही, पाठीशी उशी, ऐसी मोर्चेबांधणी केली. वडिलांचे वर्तमानपत्र, औषधांची डबी आणि चष्मा यांची रवानगी खिडकीच्या कठड्यावर जाहली. वडिलांनी आपला मुलूख बिनतक्रार सोडोन दिला.

परंतु त्याच दिवशी शत्रू नजरेस पडला. प्रत्येकाच्या नावापुढे कंपनीने एक ठिपका नेमिला होता. मनुष्य कामावर असता ठिपका हिरवा, आणि पाच मिनिटे हात थांबला की पिवळा. हा ठिपका विभागप्रमुख साहेबांस दिसे, साहेबांच्या साहेबांस दिसे, आणि कहर ऐसा की तो खुद्द बाईंस दिसे. कचेरीत असता बाई अर्धा तास जिन्यात उभ्या राहोन मैत्रिणीशी बोलत आणि कोणी हटकीत नसे. आता घरी चहा गाळावयास गेल्या तरी जीव ठिपक्यात. नळ सोडिला की मनात येई, पिवळा जाहला असेल. मग ओले हात झटकीत धावोन यावे, माऊस हलवावा आणि पुन्हा धावोन नळ बंद करावा. ओल्या हाताने तारेस शिवू नये हे कलम ज्यांनी लिहिले, त्यांनीच ते दिवसातोन नऊ वेळा मोडिले.

साहेब बोलोनचालोन साधा मनुष्य, त्याने कधी ठिपक्याविषयी अक्षर काढिले नव्हते. परंतु बाईंच्या अंतरंगात एक मुकादम वस्तीस होता, तोच फितूर, आणि साहेबाहून शतपट जालीम. साहेब सहा वाजता उठोन जाई, मुकादम उठेना. चहा घेतला तर म्हणे, घरी बसोन चैन चालली आहे. पाठ दुखली तर म्हणे, बाकीच्यांस पाठी नाहीत काय. मग त्याच्या जरबेने बाई दुपारचे जेवण अडीचला, मग पावणेतीनला, मग तीनला करू लागल्या. तेही उभ्याने, डावे हाती ताटली आणि उजवे हाती माऊस. वडील दीड वाजता दोघांची ताटे मांडोन बसत. सांगोन पाहिले की आपण जेवून घ्यावे, तर म्हणत, "तुझं होऊ दे गं. मला कुठे गाडी पकडायचीय?"

त्या दिवसांत बाई भाज्या वाटावयाच्या नव्या यंत्राची पुस्तिका सजवीत होत्या. त्यात आपल्या हाताने लिहिले की, यंत्र सलग तीन मिनिटांहून अधिक चालवू नये, दहा मिनिटे थांबू द्यावे, न थांबविल्यास आतील तारेचे वेटोळे जळते व त्याची जोखीम कंपनीवर नाही. हे कलम त्यांनी सकाळी आठपासोन न उठता लिहिले.

वडिलांनी हा सर्व प्रकार एक डोळा बारीक करोन आठ दिवस पाहिला आणि नवव्या दिवशी मसलत दिली. कपाटातोन एक मनगटी घड्याळ काढिले, चावी दिली, मेजावर उताणे ठेविले आणि त्याच्या तबकडीवर माऊस बसविला.

"हे काय?" बाईंनी पुसिले.

"माऊसच्या खालचा दिवा काटा फिरताना बघतो. त्याला वाटतं तूच हलवतेयस. जा, जेवून घे."

आणि काय आश्चर्य सांगावे! सेकंदकाटा फिरे, पडद्यावरचा बाण किंचित थरथरे आणि ठिपका हिरवागार राही. बापलेकीस ऐसे हसू लोटले की वडिलांस ठसका लागला. त्या दिवशी बाई बसोन जेवल्या. बसोन जेवल्या खऱ्या, परंतु मान मेजाकडे वळवोन, दर घासास एक नजर ठिपक्यावर. किल्ला राखावयास घड्याळ बसविले, तरी बाईंचा पहारा उठला नाही.

त्याउपरी या युक्तीचे फळ वेगळेच निघाले. महिनाअखेर साहेबांनी सर्वांसमक्ष वर्णन केले की, बाईंचा ठिपका सकाळपासोन संध्याकाळपर्यंत क्षणभरही मावळत नाही, ऐसी निष्ठा विरळ. आणि निष्ठेचे बक्षीस म्हणोन इस्त्री आणि पाणी तापविण्याचे यंत्र, ऐशा आणखी दोन पुस्तिका त्यांचे शिरी घातल्या. शेजारच्या विभागातील चित्रकाराने बाईंस खाजगी संदेश पाठविला: "तुम्ही झोपता की नाही हो? तुमच्यामुळे आम्हाला बोलणी बसतायत." बाईंनी घड्याळ कपाटात परत ठेविले आणि जेवणाचा वखत साडेतीनवर गेला.

याच सुमारास कंपनीच्या कानी गेले की, घरी बसोन लोक हैराण आहेत. मग मसलती होऊन एक स्वास्थ्यसल्लागार बाई नेमिल्या आणि फर्मान निघाले, ते ऐसे: स्वतःशी मायेने वागण्याचा वर्ग घेतला जाईल. वार बुधवार, वेळ दुपारी दीड ते अडीच. हजेरी सक्तीची, कॅमेरा चालू, जेवणाची वेळ असल्याने कामाचा खोळंबा होणार नाही.

बुधवार उजाडला. बाईंनी सकाळपासोन दोन बिस्किटांवर मजल मारिली होती. दीड वाजता दोनशे चौदा मनुष्ये आपापल्या चौकटीत येऊन बसली, दोनशे चौदांच्या चेहऱ्यावर भूक, आणि स्वास्थ्यसल्लागार बाई मागे तीन कुंड्या मांडोन साखरेत घोळलेल्या आवाजात बोलो लागल्या. प्रथम पाऊण तास मायेचे महत्त्व तक्त्यांसहित विशद केले. मग आज्ञा केली की, आता सर्वांनी डोळे मिटावे, दीर्घ श्वास घ्यावा, या आठवड्यात स्वतःकरिता काय केले ते आठवावे, आणि हे करिताना कॅमेरा बंद करू नये, कारण हजेरी त्यावरोन लागते.

सर्वांनी डोळे मिटिले. बाईंनीही मिटिले, आणि आठवावयास गेल्या तो काही आठवेना. इतक्यात मुकादमाने टोचिले, ठिपका पाहा. मग बाईंनी एक डोळा किलकिला केला.

ठिपका हिरवा होता. परंतु आपल्याच चौकटीत, आपल्याच खांद्यामागे, त्यांस वडील दिसले. वडील भिंतीस हात लावोन उभे होते आणि तो हात हळूहळू खाली घसरत होता.

येथे लेखकास थट्टा सुचत नाही. बाई उठल्या त्या खुर्ची पाडोनच. वडील भिंतीशी बसले होते, कपाळ घामाने थबथबलेले, हात कापत होते आणि लेकीकडे पाहात होते ते ओळख नसल्यासारखे. मधुमेहाची गोळी ते एक वाजता घेत, कारण दीडला जेवण हा घरचा जुना रिवाज. गोळीने आपले काम चोख केले, जेवण तेवढे आले नाही. इतके दिवस एक वाजता गोळी आणि साडेतीनला ताट, मधल्या वेळी काय होते हे त्यांनी सांगितले नाही आणि लेकीने पुसिले नाही.

बाईंनी पाण्यात साखर ढवळली, पेला त्यांच्या ओठांस लाविला, अर्धे पाणी सदऱ्यावर सांडले. दुसरा पेला. डॉक्टरांस फोन केला, त्यांनी काय पाहावे, काय द्यावे ते सांगितले आणि संध्याकाळी वडिलांस घेऊन यावयास बजाविले. मागे लॅपटॉपमधोन सल्लागार बाईंचा आवाज येत होता की, आता स्वतःस घट्ट मिठी मारा. पंधरा मिनिटांनी वडिलांच्या नजरेत ओळख परतली.

"भात निवला असेल," ते म्हणाले.

बाई तिथेच फरशीवर बसोन रडो लागल्या. "मी कसली मुलगी आहे! चार पावलांवर तुम्ही, आणि मी त्या ठिपक्याकडे बघत बसले. मला कळायला नको?"

"झालं, सुरू झालीस. कामात चुकलं की स्वतःला बडवतेस, आता माझ्यावरून बडवणार? मीही गप्प बसलो ना? माझीपण चूक आहे, अर्धी वाटून घेऊ."

"तुमची कसली चूक?"

"हट्टी आहे मी. तुझ्याशिवाय घास उतरत नाही." मग थोडा दम घेऊन म्हणाले, "अगं, पन्नास वर्षं दुकान चालवलं. एकही घड्याळ ओरडून चालू झालेलं पाहिलं नाही मी."

मग उभयतांनी फरशीवरच मांडी घालोन निवलेला भात आणि भाजी खाल्ली. मेजावर ठिपका पिवळा होऊन गेला होता आणि त्याची खबर घ्यावयास कोणी गेले नाही.

चार वाजता साहेबांचा फोन आला.

"मॅडम, तुम्ही मध्येच उठून गेलात. तुमची हजेरी अपूर्ण दिसतेय."

"वडिलांना चक्कर आली, सर. साखर उतरली होती."

"अरे बापरे! बरे आहेत ना आता? काळजी घ्या. फक्त एक मेसेज टाकला असतात तर..."

"साखरेचा डबा शोधत होते, सर."

 सोळा वर्षांत बाईंनी साहेबांस उलटोन शब्द दिला नव्हता. तरी तोंडातोन शब्द निघाले ते सरळ निघाले. "उद्यापासून दीड ते सव्वादोन मी जेवणार आहे. लॅपटॉप बंद करून."

"बंद? म्हणजे ठिपका पिवळा होईल."

"पिवळा नाही, सर. दिसणारच नाही."

"हे आधी विचारायला हवं होतं ना?"

"मी विचारत नाहीये. कळवतेय. पुस्तिका वेळेवर मिळतील, पण तिन्ही एकदम नाही. इस्त्रीची दुसऱ्या कोणाला द्या."

 साहेबांनी आवाज उतरवोन पुसिले, "तुम्ही रोज दीडला जेवता?"

"उद्यापासून."

"मी खुर्चीतच काहीतरी तोंडात टाकतो," साहेब म्हणाले आणि फोन ठेविला.

दुसरे दिवशी दीड वाजता मोहीम सुरू जाहली. बाईंनी लॅपटॉप मिटिला, उचलोन आतल्या खोलीत नेला आणि दार लोटोन आल्या. मेजावर ताटे मांडली. पहिली दहा मिनिटे निर्धोक गेली. एक वाजोन बेचाळीस मिनिटांनी मुकादमाने उठाव केला, कोणी शोधीत असेल, तातडीचे असेल. बाईंचा उजवा हात आपसूक मेजावर सरको लागला, तो त्यांनी मांडीखाली दाबोन धरिला आणि डाव्या हाताने जेवल्या. वडिलांनी पाहिले आणि पाणी पुढे केले. दोन वाजता उठावाचा जोर ओसरला. सव्वादोनला आतल्या खोलीत जाऊन पाहतात तो सात संदेश, पैकी पाच आभाराचे आणि दोन चुकोन आलेले.

तिसऱ्या दिवशी माघार जाहली, ती झाकोन ठेवणे लेखकाच्या इमानास शोभत नाही. एक चाळीसलाच बाई अर्धे ताट सोडोन आत धावल्या आणि तीन वाजेतो परतल्या नाहीत. परंतु त्या दिवशी स्वतःस एकच शिवी दिली, पूर्वी अकरा देत. चौथ्या दिवशी पुन्हा दीडला ताटे मांडली. आठवड्यात चार दिवस फत्ते, एक दिवस माघार, हा हिशेब बाईंनी मान्य केला, आणि ऐसा हिशेब मान्य करणे हेच त्यांच्याने सोळा वर्षांत जाहले नव्हते. चित्रकाराने पुसिले, हे कैसे साधिले. बाईंनी उत्तर दिले, "कळवलं." दुसरे दिवशी त्यानेही कळविले. मग छपाई विभागातील ताईंनी, मग आणखी तिघांनी. पुढल्या सोमवारी खुद्द साहेबांचा ठिपका दीड वाजता नाहीसा जाहला.

पंधरा दिवसांनी कंपनीचे फर्मान आले. त्यात लिहिले की, स्वास्थ्यवर्गाच्या अपूर्व यशामुळे कर्मचाऱ्यांत दुपारी बसोन जेवण्याची उत्तम सवय रुजली असून, याचे सर्व श्रेय वरिष्ठांच्या दूरदृष्टीस आहे, आणि सल्लागार बाईंस मानपत्र देण्यात येत आहे. सोबत एक तक्ता, तो भरोन कळवावे की जेवणाने आपली कार्यक्षमता किती वाढली.

हे फर्मान दीड वाजोन पाच मिनिटांनी निघाले. बाईंनी ते दोन वाजोन वीस मिनिटांनी वाचिले, हात पुसोन. तक्ता कोरा सोडिला.

येणेप्रमाणे वेढा उठला, मेजाचा अर्धा मुलूख वडिलांस वर्तमानपत्रासहित परत मिळाला, आणि मोहीम तडीस गेली. श्रेय कंपनीने खाल्ले, भात बाईंनी खाल्ला, आणि ज्याचे त्यास पचले. इति फत्ते नोंदविली असे.