ओढा फिरला, हद्द फिरली

नगराध्यक्षांच्या परसात वर्षातले दहा महिने चिखल. घरामागचा ओढा भिंतीला खेटूनच वाहायचा. शेवटी एका रविवारी साहेबांनी जेसीबी बोलावला आणि ओढा घरामागून उचलून थेट घरासमोरून नेला. ना ठराव, ना टेंडर. कामं अशी करायची असतात, असं त्यांनी बायकोला ऐकवलंही.

सोमवारी हेडक्लार्क नकाशा काखेत मारून हजर झाला. दुसऱ्या दिवशी निवडणुकीचे अर्ज भरायची मुदत संपत होती आणि याचा चेहरा मात्र सुतकी.

"साहेब, तुम्ही आता आपल्या गावात राहत नाही."

साहेब आधी हसले. मग क्लार्कने ठराव पुढे केला. दोन गावांची हद्द म्हणजे ओढ्याचा मध्य. ओढा सरकेल तशी हद्द सरकेल. तीन वर्षांपूर्वी ओढा आपणहून पलीकडे सरकला, तेव्हा शेजारच्या गावाचं मैदान लाटायला साहेबांनीच हा ठराव टेबल बडवून मंजूर करून घेतला होता. आता त्यांचं घरच ओढ्यापलीकडे गेलं. अर्ज भरायला तर इथला रहिवासी हवा. पंधरा वर्षांची खुर्ची गेली की हो पाण्यात!

"त्यात काय एवढं? ओढा परत फिरवू," साहेब म्हणाले.

पण जिथे खणायचं ती जमीनही आता पलीकडची, म्हणजे परवानगीही पलीकडचीच. तिथल्या नगराध्यक्षा कोण, तर साहेबांची मोठी मेहुणी. मैदान गेल्यापासून तिने यांच्या घरचा चहासुद्धा घेतला नव्हता. साहेब नाक मुठीत धरून गेले. तिने सगळं शांतपणे ऐकलं आणि पाच मिनिटांत सही ठोकली.

"घेऊन जा तो ओढा, भाऊजी. तुम्ही इथे राहिलात तर उद्या माझ्याविरुद्धच उभे राहाल. फक्त घरमालकाची सही तेवढी आणा."

साहेबांची छाती पुन्हा फुगली. घर बायकोच्या नावावर, म्हणजे सही काय, हातातलीच. घरी येऊन त्यांनी रुबाबात कागद पुढे केला. बायकोने हात पुसले, कागद नीट वाचला आणि घडी घालून परत दिला.

"आपल्याकडे पाणी दोन दिवसांआड. ताईच्या गावात चोवीस तास. दुपारीच तिची माणसं नळ जोडून गेली."

"अगं, पण मी नगराध्यक्ष..."

"होतात की पंधरा वर्षं. आलं का पाणी?"

साहेबांनी नळाकडे पाहिलं आणि ग्लास भरून घेतला.