बांध सोडू नका, चॅनल सोडू नका

मी आणि आमच्या हिनं मिळून शेवटचं काय केलं असेल, तर बांधाची मोजणी. मी चुन्याचं घमेलं धरून उन्हात उभा, आणि ही त्या रावसाहेबासाठी तिसऱ्यांदा चहा आणतेय. तिसऱ्यांदा, कारण पहिल्या वेळी ऊन तोंडावर आलं आणि दुसऱ्या वेळी मधे कुत्रं आलं. चहा तोच, गार झालेला. नुसता आणायचा आणि द्यायचा. त्याचा व्हिडिओ व्हायचा होता.

हा रावसाहेब कुणी बडा माणूस नाही. नाव तेवढं रावसाहेब. अंगानं तुरीच्या काडीसारखा, डोळ्यावर काळा गॉगल, तोही ढगाळ दिवशी. सोनईत भाड्याच्या खोलीत राहतो आणि खाजगी मोजणी करतो. सरकारी मोजणीच्या आधी आपली हद्द कुठवर आहे ते बघायला लोक याला बोलावतात. काठीवर उपडं पातेलं बसवल्यासारखं एक यंत्र आहे त्याच्याकडं, ते वर उपग्रहाला विचारून जागा सांगतं म्हणे. काम येतं त्याला, ते मी नाकारत नाही. पण कामाच्या आधी, काम करताना आणि काम झाल्यावर हा मोबाईलशीच बोलतो. "राम राम शेतकरी मंडळी. बांध सोडू नका, चॅनल सोडू नका."

आमच्या वेळी मोजणीदार साखळी घेऊन यायचा. कुणाशी बोलायचा नाही. त्याच्या तोंडाकडं बघून दोन्हीकडचे भाऊबंद आवाज खाली आणायचे. मोजणी म्हणजे काय थट्टा आहे? आणि हा ज्यांचं वर्षानुवर्षं बोलणं नाही अशा दोन भावांना बांधावर खांद्याला खांदा लावून उभं करतो आणि सांगतो, "हसा जरा. अंगठा दावा." आणि ती येडी दावतात.

एकदा तर कहर केला. खऱ्या हद्दीवर बाभळीची सावली होती, चुना उठून दिसेना. म्हणून यानं अलीकडं उन्हात दुसरी रेघ मारली आणि तिचा व्हिडिओ काढला. खरी रेघ मागून नीट मारून दिली, पण उन्हातली पुसायची विसरला. शेताचा मालक लग्नाला गेलेला. परत आला तर शेतात दोन रेघा. त्यानं व्हिडिओतली खरी धरली आणि सगळं तारेचं कुंपण तिच्यावर रोवलं. शेजारी कुऱ्हाड घेऊन आला. मग हा पळत गेला आणि दोघांच्या मधे हात पसरून म्हणाला, "ती शूटिंगची रेघ हाय, मोजणीची न्हाई." संध्याकाळी त्याचाही व्हिडिओ टाकला.

आमच्या हिला मात्र त्याचं कौतुक. तिसऱ्या चहाला तिनं कप त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "बाबा, मला बघायला आल्यागत किती वेळा चहा आनायला लावतोस? माझं लगीन झालंय. हे काय, हितं उभे हायेत घमेलं घेऊन." आणि माझ्याकडं बोट केलं.

झालं. त्यानं ते टाकलं आणि लोकांनी उचललं. डेअरीवर दूध घालायला गेलो की कुणीतरी म्हणणारच, "हे काय, हितं उभे हायेत." माझा लेक सुप्याला कंपनीत आहे, तिथंही ते पोचलं. मी चिडलो की ही पदर तोंडाला लावून हसायची.

पंधरवड्यात ही गेली. तापाचं निमित्त झालं.

दहाव्याला नदीवर एक पुढारी बोलायला उभा राहिला. हिला त्यानं कधी समोर पाहिलं नव्हतं, मोबाईलवर पाहिलं असेल. म्हणाला, माऊली फार विनोदी होत्या. आणि ते वाक्य हातवारे करून म्हणून दाखवलं. लोक हसले. माझा लेक डोकं भादरून बसलेला, पिंड मांडलेले, आणि लोक हसले. आणि ज्यानं हे सगळं केलं, तो रावसाहेब तिकडं फिरकला नाही.

मग मी एसटीनं सोनई गाठली. तो खोलीत एकटाच ताट वाढून बसला होता.

"तो व्हिडिओ काढून टाक," मी म्हणालो. "आत्ता. माझ्यापुढं."

"बसा तात्या."

"बसायला न्हाई आलो. मेलेल्या बाईवर किती दिवस धंदा करशील?"

त्यानं गॉगल घातलेला नव्हता. पहिल्यांदाच त्याचे डोळे बघितले. "मावशी गेल्या त्याच दिशी काढून टाकलाय," तो म्हणाला. "लोकांनी उतरवून घेतलेला फिरतोय. त्याला माझा इलाज न्हाई."

त्या व्हिडिओवर त्याला पार नेवाशापर्यंतची कामं मिळत होती, हे मला ठाऊक होतं. तरी त्यानं तो काढला होता. पण राग कुठं जातोय? तो दुसऱ्या बाजूनं वर आला.

"कुनाला इचारून काढून टाकलास?"

"आं?"

"ती चालती-बोलती तेवढ्यातच हुती. घरात एक फोटो हाय, मतदान कार्डावरचा मोठा केलेला. त्यात ती भ्यालेली दिसती. आन तू पुसून मोकळा?"

"तात्या, आत्ता तुमीच म्हनालात काढ म्हनून."

"म्हनालो. मग? आन दहाव्याला का न्हाई आलास?"

"आलो हुतो. पुलावर थांबलो. खाली उतरलो असतो तर पोरांनी तिथं बी माझ्यासंगं फोटो काढलं असतं."

तो उठला आणि तांब्याला टेकवून ठेवलेला मोबाईल माझ्याकडं फिरवला. मोजणीच्या दुपारी आम्ही लिंबाखाली जेवायला बसलो होतो, तेव्हाचं रेकॉर्डिंग चालूच राहिलं होतं. दिसत होता नुसता हिचा हात, बांगड्या आणि भाकरीचं फडकं. आवाज मात्र सगळा होता.

"घरी भाकरी कोन करतं तुला?"

"आई हुती तवर हुती. आता कोन न्हाई मावशी."

"मग आनखी एक घे. लाजू नकोस. आन सावकाश खा, तुझा चॅनल कुठं पळून न्हाई चालला."

हे त्यानं कुठंच टाकलेलं नव्हतं.

"ह्ये कशाला ठिवलंस?" मी विचारलं.

"जेवताना लावतो," तो ताटाकडं बघत म्हणाला. "एकट्याला घास उतरत न्हाई."

मी निघालो तसा दारापर्यंत आला. "तो चहाचा व्हिडिओ परत टाकू का, तात्या?"

"नको. लोकांचं हसून झालंय. उद्या कुठं हायेस?"

"तुमच्याच शिवारात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चूल पेटवली. ही गेल्यापासून पुतण्याच्या घरून डबा येतो, चुलीकडं मी बघितलंही नव्हतं. बाजरीचं पीठ परातीत घेतलं. पहिली भाकरी तव्यावर टाकतानाच फाटली, ती मीच खाल्ली. पुढच्या दोन जमल्या म्हणायच्या. त्या फडक्यात बांधल्या, वर लसणाची चटणी ठेवली, तांब्या घेतला आणि शिवारात गेलो. रावसाहेब बांधावर मोबाईलमधल्या मंडळींशी बोलत होता. मी सरळ मोबाईलपुढं जाऊन उभा राहिलो.

"बस खाली. जेव."

तो बसला. मी भाकरी मोडली, करपलेली बाजू माझ्याकडं ठेवली. त्यानं सवयीनं मोबाईल तांब्याला टेकवला, माझ्याकडं बघितलं आणि गडबडीनं परत उचलायला लागला.

"ऱ्हाऊ दे," मी म्हणालो. "लाव. आन आवाज वाढव."