म्हशीसाठी सोडलेल्या गाठी

साहेब, तुम्ही खोटं बोललात! नुसतं तोंडानं बोलला असतात तर सोडून दिलं असतं. तुम्ही पत्र्यावर रंगवून, लोखंडी खांब पुरून खोटं बोललात. नळाच्या पाइपासाठी आमच्या गावचा रस्ता आडवा खोदलात, चर तसाच उघडा टाकलात आणि काठावर बोर्ड ठोकलात : ‘काम पूर्ण’!

चर एवढा, की आत बैल उभा राहिला तर नुसती शिंगं दिसावीत. संतपूरहून येणारी बस चरापाशी येते आणि माघारी फिरते. माझी लेक प्रेरणा आणि गावातल्या इतर पोरी तिथवर चालत जातात, रोज चरात उतरतात आणि कॉलेजला चिखल घेऊन पोचतात. सोमवारपासून त्यांची परीक्षा. तुमच्या कचेरीत गेलो तर उत्तर मिळालं, “आमच्याकडं काम पूर्ण दिसतंय.”

मग मी चावडीवर जाहीर केलं, “सोमवारची बस गावात येणार! चर आम्हीच बुजवतो!”

माझ्या जोरावर न्हाई, पिराजीकाकांच्या मशीनच्या जोरावर. पुढं बकेट असलेलं माती ढकलायचं जुनं धूड. गाव त्याला हत्तीण म्हणतं. राघोबाच्या गोठ्यात, त्याच्या म्हशीशेजारी ती उभी असते. बकेट साखळीनं वर बांधलेलं, कारण ते उचलणारे दोन रबरी पाइप उन्हाळ्यातल्या टाचांसारखे भेगाळलेले. दांडा हलवला की तेलाची रंगपंचमी!

“कंपनीचे तयार पाइप आणायचे तर हत्तीणच विकावी लागंल,” काका म्हणाले.

“कामून? जुने काढू, भालकीला नेऊ, त्याच मापाचा नवा पाइप कापून टोकांना लोखंडी तोंडं दाबून आणू. निम्म्यात काम! मी मोबाइलवर सगळं बघितलंय.”

दोन्ही पाइप जुळ्या भावांसारखे. एकातून तेल गेलं की बकेट वर, दुसऱ्यातून गेलं की खाली. पोती ओळखायला आम्ही सुतळीला गाठी मारतो, तशाच काकांनी मशीनच्या दोन तोंडांना मारल्या. वर नेणाऱ्याला एक गाठ, खाली आणणाऱ्याला दोन.

भालकीत गुरुशांतप्पांच्या दुकानात जुने पाइप टाकले. त्यांनी चिमटीत उचलून बघितले. “पाइप हाय का सापाची कात री?” पण नवे बनवून दिले झकास! वर बजावलं, “अदलाबदल झाली तर दांडा वर म्हणंल अन् बकेट खाली जाईल.”

“अप्पा, आम्हाला शिकवायलाव व्हय?”

“आयतु अण्णा, बरं बाबा,” म्हणून ते हसले. ते हसणं मला तेव्हा कळायला पाहिजे होतं.

परत आलो तर गोठ्यात आनंदीआनंद. राघोबाची बायको, आमची चंद्रभागाक्का, केस मोकळे सोडून उभी.

“म्हैस व्याली रे राजपाल! सकाळधरनं अडली होती. गाठ राहिली की बाळंतपण अडतं, म्हणून गोठ्यातल्या सगळ्या गाठी सोडल्या. दावं सोडलं, पोती सोडली, माझी वेणी सोडली, ह्यांच्या चड्डीची नाडी बी सोडली! रेडकू काय येईना. शेवटाला तुमच्या मशीनच्या सुतळ्या सोडल्या, अन् धप्पकन रेडकू खाली!”

काका गारच. “अक्का, म्हशीचा अन् मशीनचा काय संबंध?”

“एका छपराखाली गाठ म्हंजे गाठ!”

काकांनी माझ्याकडं बघितलं. “कुठला कुठं?”

“डावा वरचा.”

“नक्की?”

“काका, माझं लिहिलेलं छापून येतं! एवढं ध्यानात राहणार न्हाई व्हय?”

पाइप बसवले. बकेट हलवून बघावं म्हटलं, तर अक्का खराटा घेऊन आडवी. “रेडकू भ्यायलंय! काय हलवायचं ते चराला जाऊन हलवा!”

चरापाशी निम्मा गाव जमलेला. पलीकडं बस थांबलेली, ड्रायव्हर स्टेअरिंगवर हनुवटी टेकून बघतोय. काकांनी साखळी काढली. समोर तुमचा बोर्ड. त्याच्यावरून बकेट न्यावं म्हणून दांडा ‘वर’ ओढला.

बकेट दाणकन खाली! थेट बोर्डावर! काका घाबरले, आणखी जोरात ओढला. बकेट जमिनीत रुतलं आणि हत्तिणीची पुढची चाकं हवेत! लोक पळाले. मी सगळ्यांच्या पुढं.

“दांडा सोडाऽऽ!”

“डावा वरचा म्हणालास न्हवं रं!”

काकांनी दांडा उलटा ढकलला. चाकं आदळली, बकेट सरसर आभाळाकडं निघालं आणि त्याच्या दातांत लोंबकळत होतं ‘काम पूर्ण’! बसमधल्यांनी टाळ्या पिटल्या.

“काका, थांबा, पाइप बदलून बसवू.”

“आता काय बदलायलास? तेल सांडंल, दिवस जाईल. वर म्हंजे खाली, खाली म्हंजे वर. अख्खं सरकार असंच चालायलंय, एक मशीन चालणार न्हाई व्हय?”

आणि चालवली पठ्ठ्यानं! गाव ओरडायचं “खाली!” की बकेट वर जायचं. अंधार पडायच्या आत चर बुजला. बोर्डही आतच गेला, भरावाला उपयोगी पडला. सोमवारी बस गावात आली आणि प्रेरणा कोरड्या चपलांनी परीक्षेला गेली.

मंगळवारी तुमची जीप आली. आम्ही बुजवलेल्या चरावरून आली, साहेब! उतरल्या उतरल्या तुमचा माणूस म्हणाला, “सरकारी बोर्ड मोडलात. नवा करून द्या.”

देतो की! पण रंगारी ब्रश घेऊन ताटकळलाय. ‘काम पूर्ण’ तर लिहून झालं. खाली नाव कुणाचं घालायचं? तुमचं, पिराजीकाकांचं, का राघोबाच्या म्हशीचं?

उत्तर द्या. रंग वाळायलाय.